माइक तोंडाजवळ येईपर्यंत

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक पुढे घरोघरी गेलं, ते समोर बसून झरझर लिहून घेणाऱ्या साने गुरुजींमुळे. शब्द राहिले. बोलता बोलता विनोबा कुठे थांबले, कुठल्या वाक्याला त्यांचा आवाज चढला, मध्येच कोण खोकलं, कोण हसलं, हे वहीत उतरणं शक्यच नव्हतं.

पेणहून गाडीत बसलं की कासू, नागोठणे, निडी ही स्टेशनं मागे टाकून रोहा येतं. या रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म झाला. तेही आयुष्यभर गीतेवरच बोलले, मुंबईत माधवबागेतल्या पाठशाळेत आणि बाहेरही. त्यांचं बोलणं मात्र टेपवर आणि पुढे व्हिडिओवर उतरत गेलं. स्वाध्याय परिवाराच्या केंद्रांत ठरलेल्या दिवशी माणसं जमतात, पडदा किंवा टीव्ही लावला जातो आणि दादांचं, म्हणजे आठवले यांचं, प्रवचन सुरू होतं. ते २००३ साली गेले, पण प्रवचनाला बसणाऱ्यांना त्यांचा चढ-उतार, त्यांची विराम घ्यायची लकब अजून रोजच्या ओळखीची आहे.

एक वक्ता वहीतून पोचला, दुसरा कॅसेटमधून. या दोघांच्या मधल्या काळात पेण आणि रोह्याच्या साध्या घरांत काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. आज या तालुक्यांत ज्याच्या हाती फोन आहे तो घरचा व्हिडिओ काढतो: बारसं, मुंज, हळद, गौरी-गणपती, आजीची मुलाखत, मूर्तीच्या कारखान्यातलं काम. चित्र झक्क येतं. आवाज ऐकवत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘बाहेरून माइक लाव.’ दुकानात गेलं की कॉलर माइक, वायरलेस, कॅमेऱ्यावरचा लांबट माइक असे दहा प्रकार समोर येतात आणि गिऱ्हाईक गोंधळतं. त्याचा गोंधळ दुकानात सुरू झालेला नाही. माइक या वस्तूशी या भागाची ओळख जशी झाली, त्यातच त्याचं मूळ आहे.

आवाज जपण्याची सुरुवात माइकशिवाय झाली. किर्लोस्कर नाटक मंडळी गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीला ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण करायला उतरला. एवढ्याशा फरकाने महाराष्ट्राचा एक लाडका आवाज कायमचा हुकला. गेसबर्गकडेही माइक नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर चरा उमटायचा. नाजूक गळा, बारीक हरकत, कुजबुज यांना त्यात जागा नव्हती. तबकडीच्या मुद्रणात माइक आणि वीज आली ती १९२५मध्ये, आणि तेव्हा कुठे गाणाऱ्याला ओरडण्यातून सुटका मिळाली.

बोलपटाने दुसरा धडा दिला. अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. स्टुडिओला लागूनच रेल्वेचे रूळ होते. दिवसा आगगाड्यांचा खडखडाट संवादांत घुसायचा, म्हणून गाड्या थांबल्यावर, ऐन मध्यरात्रीनंतर चित्रीकरण करावं लागे, आणि माइक नटांच्या जवळपास कुठेतरी दडवलेले असत. माइक बोलणाऱ्याच्या जवळ हवा आणि भोवताल शांत हवा, या दोन गोष्टी मुंबईच्या सिनेमावाल्यांना तेव्हाच उमगल्या होत्या. रोहा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला आज घरी काही रेकॉर्ड करायचं तर याहून वेगळा सल्ला देता येणार नाही.

पण सिनेमावाल्यांचं हे शहाणपण तालुक्याच्या गावी पोचलं नाही. तिथे माइक आला तो भलत्याच कामाला.

नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे लाउडस्पीकर स्वातंत्र्यचळवळीच्या सभांना लागत. गांधी-नेहरूंच्या कितीतरी जुन्या छायाचित्रांत त्यांच्या तोंडासमोरच्या माइकवर ही पाटी दिसते. १९४० साली दिल्लीत ‘अहुजा’ कंपनी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत तिचे अ‍ॅम्प्लिफायर आणि भोंगे देशभरच्या मांडववाल्यांकडे पोचले. पेण-रोह्यातही मंडप, खुर्च्या, दिवे आणि लाउडस्पीकर हे एकाच माणसाकडे भाड्याने मिळणारं सामान झालं. सार्वजनिक गणपती, हरिनाम सप्ताह, निवडणुकीची सभा, कबड्डीचे सामने, लग्न, सगळीकडे तोच माइक आणि तीच ‘हॅलो, माइक टेस्टिंग’.

त्या माइकचं काम एकच: आवाज जमेल तितका लांब फेकणं. त्यासाठी तो ‘डायनॅमिक’ जातीचा असे. आत एक पडदा, पडद्याला तारेचं वेटोळं आणि मागे चुंबक. दणकट, पावसापाण्यात टिकणारा, हातातून पडला तरी चालणारा. ओठांना टेकवून बोललं की उत्तम, आणि एक हात मागे सरकलं की आवाज गायब. तो मुद्दामच तसा बनवतात. लांबचा आवाज त्याने पकडला असता तर समोरच्या भोंग्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून कर्कश शिट्टी वाजली असती. गावाने माइक म्हणजे काय हे या वस्तूवरून शिकून घेतलं. माइक म्हणजे मोठा आवाज, हा हिशेब डोक्यात पक्का बसला. आवाज आपल्याकडे ओढून घेऊन साठवायचा माइक हा निराळा प्राणी आहे, ही ओळख व्हायला फार वर्षं जावी लागली.

मोठ्या आवाजाचा शेवट कायद्यात झाला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ भोंगे बंद ठेवायला सांगितले, आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बंदोबस्त आणखी आवळला. आवाज साठवणाऱ्यांना अर्थात या नियमाने फायदाच झाला.

आवाज साठवणारं यंत्र घरात आलं ते कॅसेटच्या रूपाने. फिलिप्सने १९६३ साली छोटी कॅसेट काढली. त्याच्या एक वर्ष आधी, १९६२मध्ये, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी एक शोध लावला होता, ज्याने माइकचं रूपच पालटलं. कंडेन्सर माइक तोवर स्टुडिओतच असे, कारण त्याच्या पडद्याला सतत विजेचा दाब पुरवावा लागे. सेसलर-वेस्ट जोडीने प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यातच कायमचा विद्युतभार कोंडून ठेवला. झालं ‘इलेक्ट्रेट’! माइक डाळीच्या दाण्याएवढा झाला, स्वस्त झाला आणि छोट्याशा बॅटरीवर चालू लागला. टेपरेकॉर्डरच्या दर्शनी भागावर बारीक भोकांची जाळी असे, तिच्या मागे हाच बसलेला असायचा.

आखातात कामाला गेलेल्या कोकणी माणसांच्या सामानातून रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेले टू-इन-वन आले. लोकांनी त्यावर आरत्या भरल्या, पोरांचे बोबडे बोल भरले, भजनी मंडळाचा सराव भरला. कोरी कॅसेट स्वस्त होती आणि यंत्र गाणाऱ्याच्या पुढ्यात, जमिनीवर, दीड-दोन हातांवर ठेवलं जायचं. कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, वायर नव्हती म्हणून ते जवळ ठेवावं लागायचं इतकंच. त्यामुळे त्या काळच्या घरगुती कॅसेटी आजही लावल्या तर माणूस समोर बसल्यासारखा ऐकू येतो.

मग व्हिडिओ आला आणि आवाज मागे पडला.

१९८२च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आला, आणि दशक संपेपर्यंत लग्नाच्या यादीत ‘शूटिंगवाला’ हा खर्च दाखल झाला. खांद्यावर व्हीएचएसचा जाडजूड कॅमेरा, मागे हॅलोजन धरलेला पोरगा, त्या उजेडाने डोळे मिचकावणारे वऱ्हाडी. कॅमेऱ्याला माइक होता, पण तो कॅमेऱ्याच्याच डोक्यावर. वधूवर दहा-बारा फुटांवर आणि वाजंत्री पाच फुटांवर. माइकला नवरानवरी कळत नाहीत, जवळचं आणि लांबचं एवढंच कळतं. त्याने इमानाने वाजंत्री भरली.

त्यात टेपची अडचण वेगळीच. साध्या कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हीएचएसची फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकायची, आणि साध्या यंत्रांत आवाज भरायला तिच्या काठाची एक बारीक पट्टी असायची. फीत जितकी सावकाश, तितका आवाज मळकट. म्हणजे महागड्या कॅमेऱ्यापेक्षा घरातला टू-इन-वन आजीचा आवाज जास्त स्वच्छ भरत होता! हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण चित्राच्या नवलाईपुढे कान कोण देतो?

शूटिंगवाल्यांनी यावर जो उपाय शोधला त्याने तर आवाजाचा निकालच लावला. त्याचं नाव ‘मिक्सिंग’. लग्नाची कॅसेट तयार करताना मूळ आवाज पुसायचा आणि वर सिनेमातली गाणी टाकायची. वरात निघाली की एक गाणं, पाठवणीला दुसरं, जेवणावळीला तिसरं. गिऱ्हाईक खूश, कारण गोंगाट गेला. मंगलाष्टकं म्हणणारे काका, उखाणा घेताना अडखळलेली नवरी, पाठवणीत मोठ्याने रडलेली मावशी, सगळ्यांचे ओठ हलताना दिसतात आणि ऐकू येते लता. कोरी व्हिडिओ कॅसेट महाग होती, म्हणून मूळ चित्रीकरणाच्या कॅसेटवर बहुधा पुढचं लग्न भरलं जाई.

यात सगळ्यात मोठं नुकसान झालं ते धवलारिणींचं. पेण, अलिबाग, उरणच्या खारेपाटातल्या आगरी लग्नांत धवलारीण ही गाणारी आणि विधी चालवणारी बाई. मांडव, तेल, हळद, प्रत्येक टप्प्याला तिचे धवले ठरलेले. गाणं संथ, खालच्या पट्टीतलं, वाद्यांच्या साथीविना. एकीने ओळ म्हणायची, दुसऱ्यांनी उचलायची. पुस्तकात न छापलेलं हे ज्ञान सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे आलं. अशा आवाजाला कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा माइक पुरत नाही, आणि बाहेर बेंजो पार्टी वाजत असेल तर मुळीच नाही. हळदीच्या कॅसेटी गावात ढिगाने असतील, त्यांत धवला ऐकू येईल अशा थोड्या.

घाटावर मात्र याच्या उलट काम चाललं होतं. कोलाडहून विळे आणि ताम्हिणी घाट चढून गेलं की मुळशी. तिथल्या आणि पुढे महाराष्ट्रभरच्या गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी १९८०च्या दशकापासून गोळा केल्या. संख्या एक लाखाच्या वर गेली. सुरुवातीला ओव्या कागदावर उतरल्या. पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्या गाणाऱ्यांच्या तोंडून डिजिटल ऑडिओ टेपवर भरल्या गेल्या. २०१७पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणल्या, आणि जुन्या ओवी गाणाऱ्यांना पुन्हा गाठून त्यांचे व्हिडिओही केले. या कामात आधी आवाज, मग चित्र, असा क्रम राहिला. लग्नाच्या व्हिडिओने नेमका हा क्रम उलटा केला होता.

२००८ साली निकॉनचा डी-९० आला, फोटोच्या कॅमेऱ्यातून व्हिडिओ निघू लागला आणि तालुक्याच्या फोटो स्टुडिओंचा नूर पालटला. मागचं धूसर, पुढचं धारदार, अगदी सिनेमासारखं. पण डी-९०ला बाहेरचा माइक लावायची सोयच नव्हती. त्याच वर्षीच्या कॅननच्या ‘५डी मार्क २’ला माइकची पिन होती, पण आवाजाची पातळी कॅमेरा स्वतःच ठरवायचा. हा आपोआप पातळी ठरवण्याचा प्रकार घरच्या व्हिडिओचा जुना शत्रू आहे. बोलणारा बोलत असेपर्यंत ठीक. तो श्वास घ्यायला थांबला की कॅमेऱ्याला वाटतं आवाज कमी पडला, तो पातळी चढवतो, आणि मागचा पंखा घोंघावत पुढे येतो. माणूस पुन्हा बोलू लागला की पंखा मागे. कॅननने २०१०मध्ये पातळी हाताने ठरवायची सोय दिली, तोवर जाणत्या लोकांनी खिशात मावणारे स्वतंत्र रेकॉर्डर घ्यायला सुरुवात केली होती.

२०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि कॅमेरा खऱ्या अर्थाने प्रत्येकाचा झाला. फोनमध्ये दोन-तीन इलेक्ट्रेटचेच धाकटे भाऊबंद बसवलेले असतात. ते जवळच्या बोलण्यासाठी, म्हणजे फोन कानाला लावण्यासाठी केलेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा माडांचे शेंडे जमिनीला टेकताना, पत्रे उडताना लोकांनी फोनवर टिपलं. त्या व्हिडिओंमधला घर्रर्र आवाज बराचसा वादळाचा नाहीच. वारा माइकच्या बारीक भोकावर थेट आदळतो, आतला पडदा फडफडतो आणि माइक गुदमरतो, त्याचा तो आवाज आहे. उघड्यावर बोलणाऱ्यांच्या माइकला केसाळ टोपी घातलेली असते ती यासाठीच. वाऱ्याचा झोत केसांत अडकतो, आवाज आत जातो.

आता दुकानातल्या त्या दहा प्रकारांकडे वळू. त्यांची परीक्षा पाहायला पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्याइतकी अवघड जागा नाही. गणेशोत्सवाच्या आधीचे आठवडे, छतावर पत्रे, पत्र्यांवर पाऊस. एका कोपऱ्यात रंगाच्या गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मधूनच थडथडतो. पंखे चालू, कारण रंग वाळायला हवा. रेडिओही चालू. आणि या सगळ्यात एक कारागीर मूर्तीसमोर बसून डोळ्यांची आखणी करतो. बारीक कुंचला, श्वास रोखून ओढलेली एक रेघ. रेघ झाली की तो बोलतो, तेही खालच्या आवाजात, मान मूर्तीकडेच ठेवून.

फोन दोन मीटरवर तिकाटण्यावर उभा असेल तर त्याला कॉम्प्रेसर ऐकू येईल, कारागीर नाही. कॅमेऱ्यावर लावायचा लांबट शॉटगन माइक समोरून येणारा आवाज पकडतो, बाजूचा कापतो. मोकळ्या जागी तो उपयोगी, पण पत्र्याच्या शेडमध्ये आवाज छपरावरून, भिंतींवरून उसळून समोरूनच परत येतो. शिवाय तो कॅमेऱ्याच्या डोक्यावरच राहिला तर अंतर तेवढंच राहतं. त्याला काठीला बांधून कारागिराच्या डोक्यावर, चित्राच्या चौकटीबाहेर धरावं लागतं, म्हणजे आणखी एक माणूस आला.

कॉलर माइक सदऱ्याच्या छातीवर, तोंडापासून एक वीत अंतरावर लावला की हिशेबच बदलतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने घटतो, दहापट झालं की वीस डेसिबलने. दोन मीटरवरचा माइक वीतभर अंतरावर आणला की कारागिराचा आवाज साधारण वीस डेसिबलने चढतो आणि कॉम्प्रेसर होता तिथेच राहतो. बाजारात हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा वायरचा कॉलर माइक त्यामुळेच इतका खपला. त्याची वायर ६ मीटरची, बॅटरी मनगटी घड्याळातल्यासारखी चपटी. चारही दिशांचा आवाज घेणारा असूनही तो जिंकतो, कारण तो जवळ आहे. हीच करामत कित्येक पट किमतीच्या माइकला लांबून जमत नाही.

खरेदीत फसगत होते ती माइकच्या प्रतीत कमी आणि पिनेत जास्त. कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, फोनच्या पिनेवर तीन. एकाची दुसऱ्यात जाते, पण आवाज येत नाही. २०१६मध्ये आयफोन ७ने हेडफोनचं भोकच बुजवलं, बाकीचेही त्या वाटेला लागले, आणि आता टाइप-सीची पिन मागावी लागते. घरात जुना, भोकवाला फोन पडून असेल तर तो फेकू नये. माइक त्याला लावावा, रेकॉर्डिंग सुरू करून फोन कारागिराच्या खिशात टाकावा, नव्या फोनवर चित्र घ्यावं. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की पुढे संगणकावर दोन्ही जुळवता येतात. सिनेमात क्लॅपची पाटी आपटतात ती यासाठीच.

बिनतारी संचांनी २०१९नंतर हे सोपं केलं. ऑस्ट्रेलियातल्या रोडे कंपनीचा वायरलेस गो त्या वर्षी आला, आणि मग त्याच्या धर्तीवर स्वस्तातल्या जोड्यांचा पूर लोटला. सदऱ्याला काडेपेटीएवढी डबी, फोनला टाइप-सीचा तुकडा. हे बहुतेक संच वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात बोलतात, म्हणून मंगल कार्यालयात शेकडो फोन गोळा झाले की आवाज तुटू शकतो. त्यांच्यावर गोंगाट घालवण्याचं एक बटण असतं. कारखान्यात ते कामाचं. घरच्या आरतीला ते चालू राहिलं तर घात होतो, कारण ते फक्त बोलण्याला आवाज समजतं. झांजा, टाळ्या, ढोलकीची थाप त्याच्या लेखी कचरा, आणि तो गाळताना गाणाऱ्याचा गळाही सोलून निघतो. आरतीला कॉलर माइक कुणा एकाला लावूच नये, नाहीतर सगळी आरती एकाच्या बेसूर आवाजात भरली जाते. खोलीच्या मध्यावर, झांजांपासून जरा लांब, पातळी उतरवून ठेवलेला छोटा रेकॉर्डर किंवा दुसरा फोन पुरतो.

धवलारिणीचं रेकॉर्डिंग ही याहून नाजूक गोष्ट. लग्नाच्या दिवशी ते होणार नाही हे आधी मान्य करावं लागतं. बेंजोपुढे कुठलाच माइक टिकत नाही. हळदीच्या आधी किंवा लग्न उरकल्यावर, भर दुपारच्या निवांत वेळी तिच्या घरी जावं. जुनं मातीचं किंवा जाड भिंतींचं घर असेल तर उत्तम. स्लॅबच्या नव्या खोलीत फरशी आणि गुळगुळीत भिंती आवाज भिरकावतात, तिथे दोन गोधड्या खाली आणि एक गादी समोरच्या भिंतीला उभी केली की आवाज बसतो. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद. एकच बाई गाणार असेल तर माइक पदराला, पण मंगळसूत्राच्या विरुद्ध बाजूला आणि काठापासून आत, नाहीतर मणी आणि जर घासत राहतात. हातातल्या बांगड्या काढायला सांगणं बरं दिसत नाही. हात मांडीवर ठेवून गायला सांगितलं तरी काम भागतं. तिघी-चौघी गाणार असतील तर कॉलर माइकचा नाद सोडावा, त्यांना अर्धगोलात बसवावं आणि दीड-दोन हातांवर, उशीवर रेकॉर्डर ठेवावा. टू-इन-वनच्या काळात लोक नकळत करत होते तेच.

जुन्या व्हीएचएस कॅसेटींतून काही निघतं का, हेही पाहायला हवं, आणि लवकर. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवं यंत्र कुठून यायचं? कोकणच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते, ती तशीच यंत्रात घातली तर यंत्रही बिघडतं. मिक्सिंग केलेल्या कॅसेटमधून मूळ आवाज परत येत नाही. मिक्सिंग न केलेली एखादी कच्ची कॅसेट कपाटात निघाली तर तिच्या काठावरच्या मळकट पट्टीवर उखाणे आणि धवले असण्याची शक्यता आहे.

नवं रेकॉर्डिंग करताना एक काम मात्र माइक कुठलाही असला तरी सारखंच. १९०२मध्ये कलकत्त्यात गेसबर्गने गौहर जान यांचा आवाज भरला, तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारत. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हानोव्हरला जायच्या आणि तिथल्या कारागिरांना ही बाई कोण हे कळावं, एवढाच त्यामागचा हेतू. घरच्या व्हिडिओत आजीने किंवा धवलारिणीने गाण्याआधी आपलं नाव, माहेर, सासर, हे गाणं कुणाकडून शिकली आणि आज तारीख काय, हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर अर्धं मिनिट जातं. फाइलचं नाव पुढे बदलतं, फोन बदलतो, कार्ड हरवतं. आवाजात भरलेली माहिती आवाजाबरोबरच राहते.